अर्थिंगचा खड्डा

झटका तसा मोठा नव्हता. मनकर्णाच्या टर्मिनलच्या मागचा स्क्रू सैल करताना रामकिशनचं बोट पत्र्याला टेकलं आणि कोपरापर्यंत काहीतरी बारीक, मुंग्यांसारखं चढून गेलं. त्यानं हात मागं घेतला, पँटला पुसला, पुन्हा स्क्रूड्रायव्हर धरला. इतकी वर्षं मशिनींच्या पोटात हात घालणाऱ्या माणसाला एवढं लागतंच, त्याचं कुणी काही मनावर घेत नाही. पण या वेळी हात पुन्हा पत्र्याजवळ जाईना. डोकं म्हणत होतं, जा, आणि हात तिथंच अधांतरी थांबून राहिला, एखाद्या अनोळखी घराच्या उंबऱ्यावर थांबावं तसा. त्याचं त्यालाच नवल वाटलं. बाजूला उभ्या असलेल्या मनकर्णानं ते पाहिलं. ती म्हणाली, "आमाला रोजच बसतो सर. आता सवय झाली." तिच्या खुर्चीखाली गोणपाटाची चौपदरी घडी होती, घडीवर रबरी चपला. तिनं हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नव्हतं. ऊन लागतं, पाणी चौथ्या दिवशी येतं, तसंच हेही. रामकिशननं मान हलवली आणि तो पुन्हा कामाला लागला. ते 'रोजच' मात्र त्याच्या कानात राहिलं, आणि आपण ते ऐकून नुसती मान हलवली, हेही.

त्र्याण्णव सालचा मे होता. परभणीच्या त्या बियाणे संघाच्या कचेरीत तो सकाळच्या गाडीनं औरंगाबादहून आला होता, आणि त्याला पाठवण्याचं कारण इतकंच की एकोणनव्वद साली इथलं पहिलं मशीन त्यानंच बसवलं होतं. तेव्हा एक युनिक्सचं मोठं मशीन, लांब तारांनी त्याला जोडलेले चार पडदे, म्हणजे टर्मिनलं, आणि एक मोठा प्रिंटर एवढाच संसार होता. पुढं दुसऱ्या कुठल्याशा पुरवठादाराकडून डॉसवर चालणारे तीन पीसी आले, ते गोदामाच्या नव्या इमारतीत मांडले गेले, काळ्या केबलनं आपसात बांधले गेले, आणि जुन्यानव्यांनी तोच एक प्रिंटर वाटून घ्यायचा असं ठरलं. दोन चुलींना एकच तवा, असं मनकर्णा त्याला म्हणाली. वर्षभर तो तवा चालला. मग होळीनंतर सगळं बिनसत गेलं. कामाला बसणाऱ्यानं सकाळी पडद्यावर आपलं नाव टाकायचं, आपला पासवर्ड टाकायचा, की मशीन आत घेतं, अशी रीत. आता नाव टाकलं की मधलंच एखादं अक्षर बदलायचं, मशीन म्हणायचं, तुला ओळखत नाही. तीनदा असं झालं की ते नाव दिवसभरासाठी बंद. आणि आत गेलेल्यानं छापायला दिलं तर अर्धी यादी सरळ यायची, आणि मग गावाच्या नावाच्या मधोमध चौकोन, टिंबं, उलटे त्रिकोण सुरू व्हायचे. राणीसावरगाव मधेच तुटायचं. ते रामकिशनचं गाव. तुटलेलं नाव कागदावर पाहताना त्याला उगाच ओशाळल्यासारखं झालं, जणू घरातलं काही चव्हाट्यावर आलं होतं.

व्हरांड्यात माणसं बसून होती. मुगाच्या, ज्वारीच्या, कपाशीच्या बियाण्याची परमिटं या यादीवरून निघायची, परमिट हातात असल्याशिवाय गोदामातून पोतं हलायचं नाही, आणि मृगाला तीन आठवडे राहिले होते. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. टोप्या गुडघ्यावर काढून ठेवून, भिंतीला पाठ लावून ती माणसं आतल्या प्रिंटरचा आवाज ऐकत होती. आवाज सुरू झाला की माना वळायच्या. थांबला की पुन्हा जमिनीकडं. रामकिशन त्यांच्या मधून वाट काढत आत आला तेव्हा एका म्हाताऱ्यानं पाय जवळ घेतले आणि म्हणाला, "जाऊ द्या, डॉक्टर आला मशिनीचा." त्यात थट्टा नव्हती.

त्याच्या आधी दोघं इंजिनियर येऊन गेले होते. एकानं केबल बदलली, दुसऱ्यानं कार्डं बदलली आणि व्हायरस असेल म्हणून फ्लॉप्या घालून पाहिल्या. दोघांनाही काही सापडलं नाही. मग संघाचे व्यवस्थापक दिनकरराव यांनी स्वतःच शोधून काढलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. पंचावन्न वर्षांचे, निजामाच्या राज्यात जन्मलेले, उर्दू शाळेत दोन इयत्ता काढलेले, मशिनीला मनातून घाबरणारे आणि ते न दाखवणारे. त्यांना वरून रोज फोन येत होता. मशीन फसलेल्या प्रत्येक प्रयत्नाची नोंद ठेवतं, त्या नोंदींचा कागद त्यांनी काढायला लावला आणि पाहिलं तर दहातल्या आठ नोंदी तिसऱ्या टर्मिनलवरच्या. तिसरं टर्मिनल मनकर्णाचं. ती ताडकळसहून रोज एसटीनं ये-जा करणारी, दोन्ही भाषांच्या टायपिंगच्या परीक्षा दिलेली, घरातली पहिलीच कचेरीत बसणारी मुलगी. करारावर होती. 'आपण यंत्रणेत हेतुपुरस्सर बिघाड करीत असल्याचे दिसून येते, तीन दिवसांत खुलासा करावा' असा कागद तिच्या हातात पडला होता, आणि आज दुसरा दिवस होता.

"मामला साधा हाय, रामकिशनराव," दिनकरराव म्हणाले होते, तिच्या देखत. "तुमी फक्त लिहून द्या की मशिनीत दोष न्हाई."

आणि रामकिशननं, खरं सांगायचं तर, पहिला तासभर तसंच मानलं होतं. हे पुढं त्याला फार दिवस टोचत राहिलं. त्यानं तो नोंदींचा कागद हातात घेतला, आकडे पाहिले आणि मनात म्हणाला, हो, एकच टर्मिनल, एकच हात. नोंदींवर विश्वास ठेवायचा हे त्याचं शिक्षणच होतं. कागद खोटं बोलत नाही असं त्याला वाटायचं, कारण कागदानंच त्याला वर आणलं होतं, एकेका गुणपत्रिकेनं. आता ती मुलगी दोन हात अंतरावर उभी होती, तिच्या हातातली वही घामानं ओली झाली होती, आणि तो कागद वाचत होता. तिच्या जागी आपण असतो तर, असं त्याच्या मनात आलं नाही. आलं ते नंतर. त्यानं सगळे पासवर्ड नव्यानं दिले, प्रिंटरची रांग रिकामी केली, दोन्हीकडच्या सेटिंग्ज ओळीनं ताडून पाहिल्या. सगळं जागच्या जागी होतं. तरी मनकर्णानं नाव टाकलं आणि पडद्यावर 'म' च्या जागी भलतंच चिन्ह उमटलं. तो तिच्या बोटांकडंच पाहत होता. बोटं बरोबर पडली होती.

तेव्हा त्याला लाज वाटली. तेवढ्यानंच खरं तर त्याचं काम सुरू झालं.

जेवायच्या वेळी तिनं आपल्या डब्यातली ज्वारीची भाकरी मोडून अर्धी त्याच्यापुढं केली, वर शेंगदाण्याची चटणी. ज्या माणसाच्या एका वाक्यानं आपली नोकरी जाणार आहे त्याला ती वाढत होती, आणि त्यात लाचारीही नव्हती. समोर माणूस बसलाय, त्याच्याजवळ डबा नाही, एवढंच. खाताखाता त्यानं विचारलं, घरी सांगितलंय का. नाही म्हणाली. वडलांना वाटंल मीच काही केलं असंल, म्हणाली, त्यांना मशीन कुठं माहिताय. मग सकाळचं ते 'रोजच' त्याच्या मनात पुन्हा वर आलं. झटके कधीपासून बसायला लागले, असं त्यानं विचारलं. ती आठवून म्हणाली, होळीनंतर. त्याच्या आधी? आधी कधीच नाही. तीन वर्षांत एकदाही नाही. रामकिशनचा घास हातातच राहिला. झटके होळीनंतर, अक्षरं बिघडली होळीनंतर. दोन इंजिनियर येऊन गेले आणि त्यांना कुणी सांगितलं नाही, कारण त्यांनी विचारलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनीही मान हलवली असती, आपल्यासारखीच.

हात धुऊन त्यानं मीटर काढलं. भिंतीतल्या प्लगच्या तीन भोकांपैकी दोहोंच्या दरम्यान, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात, काटा जेमतेम हलायला हवा. फार तर दोन-तीन व्होल्ट. काटा बहात्तरावर जाऊन थरथरत राहिला. मशिनीच्या अंगावर जी जास्तीची वीज येते तिला जमिनीत उतरून जायला वाट लागते. ती वाट बंद होती. म्हणून सगळ्या मशिनींची अंगं अधांतरी लोंबकळत होती, दोन इमारतींमधल्या तारांतून अक्षरांच्या सोबत नको ते धावत होतं, आणि वाटेत अक्षरं मोडत होती. ज्याची तार सगळ्यात लांब त्याची अक्षरं सगळ्यात जास्त मोडणार. तिसऱ्या टर्मिनलची तार गोदामाच्या भिंतीवरून वळसा घालून आलेली होती. मनकर्णाचा अपराध एवढाच की तिची खुर्ची टोकाच्या खिडकीजवळ होती. कारण इतकं साधं निघावं याचा त्याला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण आनंदाच्या पाठोपाठ एक शंका आली आणि ती कशाबद्दल आहे हे त्याला कळेना. जमिनीत उतरणारी अर्थची तार कुठं जाते हे त्याला आठवत नव्हतं. आठवायला हवं होतं.

कचेरीच्या मागं, न्हाणीच्या भिंतीलगत, मोडक्या खोक्यांच्या ढिगाखाली त्याला सिमेंटचं झाकण सापडलं. मनकर्णा खोकी उचलायला लागली. झाकण सरकवलं तर आतली काळी माती हात जाईल इतकी भेगाळलेली, मधल्या लोखंडी पाइपपासून सुटून बाजूला झालेली. पाइपभोवती मिठाचे पांढरे खडे आणि कोळशाची भुकटी. सगळं कोरडं ठाक. अशा खड्ड्याला ओल लागते. ओल असली तर माती पाइपला धरून राहते आणि वीज खाली जाते, आणि परभणीच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात रोज पाणी दिलं नाही तर ती कुणालाच धरून राहत नाही. यात पाणी कोण टाकत होतं, असं त्यानं विचारलं.

"धुरपतामावशी," मनकर्णा म्हणाली. "झाडून झालं की रोज टाकायच्या. मी लागले तवापासून बघत होते."

धुरपताबाई कचेरीत रोजंदारीवर झाडलोट करायची. यंदा फेब्रुवारीत तिला काढलं. नळाला चौथ्या दिवशी पाणी, माणसांना प्यायला पुरत नव्हतं, आणि ही बाई बादल्याच्या बादल्या जमिनीत ओतते अशी कुणीतरी तक्रार केली. तिला बंद कर म्हणून सांगितलं. तिनं बंद केलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हाही नाही. मग पाण्याचा अपव्यय करते आणि सांगितलेलं ऐकत नाही असं लिहून तिला घरी पाठवलं. हे सगळं मनकर्णानं खाली बघत सांगितलं. मग म्हणाली, "त्या सांगायच्या की इंजिनियर सायबानं टाकायला सांगितलंय म्हणून. सगळे हसायचे. इंजिनियर झाडणाऱ्या बाईला कशाला सांगंल. मीपण हसले होते सर."

रामकिशन खड्ड्याच्या कडेला बसला. ऊन डोक्यावर होतं, न्हाणीच्या भिंतीची सावली बोटभर. कुठल्या इंजिनियरनं, हे विचारायची गरजच नव्हती. एकोणनव्वदच्या एप्रिलमध्ये याच जागी तो उभा होता. वायरमन सिताराम मिठाचं आणि कोळशाचं पोतं रिकामं करत होता, आणि रामकिशन सारखा घड्याळ पाहत होता, कारण गावाकडची, गंगाखेडची गाडी पावणेचारला होती आणि त्याची माय सहा महिन्यांनी ऊसतोडीवरून परत आली होती. तिला उसाच्या पाचटानं हाताला मोठी जखम झाल्याचा निरोप होता. संघाचा कुणी माणूस तिथं नव्हता. एक बाई खराटा घेऊन लांब उभी होती. तिला हाक मारून त्यानं काहीतरी सांगितलं होतं. काय सांगितलं? शब्द आठवत नव्हते. तिचा चेहराही नाही. आठवत होता तो हातातला खराटा, आणि ती ऐकताना जवळ आली नव्हती, होती तिथूनच मान लांब करून ऐकत होती, हे. मग त्यानं आत जाऊन कागदावर सही केली. मशीन एक, पडदे चार, प्रिंटर एक, रिबनी सहा. छापील कागदावर खड्ड्यासाठी रकाना नव्हता, म्हणून खड्डा लिहिला गेला नाही. गाडी मिळाली. मायचा हात बरा झाला. आणि ते वाक्य तो विसरून गेला, इतकं की आपण ते बोललो होतो हेही. ती बाई विसरली नाही. जवळपास चार वर्षं रोज सकाळी तिनं ते वाक्य पाळलं, त्याच्यासाठी हसणं सोसलं, आणि शेवटी त्याच्यापायी कामावरून गेली.

असं कुणी कुणाचं एक वाक्य इतकी वर्षं उचलून धरतं हे त्याला नवं नव्हतं. म्हणूनच ते सोसवेना. माय-बाप दसऱ्यानंतर कोयते घेऊन पश्चिमेकडं निघायचे तेव्हा त्याला मावशीकडं, कडूबाईकडं ठेवायचे. ट्रकमध्ये चढता चढता मायनं एकदाच म्हटलं होतं, ह्याची शाळा बुडू देऊ नको. कडूबाईला स्वतःची चार लेकरं. शाळा म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं, शाळेचा दिवस कधी सुरू होतो हे शेजारच्या मास्तरणीच्या दाराकडं बघून ती ठरवायची. तरी आठ वर्षं, दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत, तिनं त्याला एकही दिवस घरी राहू दिलं नाही. ताप असला तर कडेवर नेऊन वर्गाच्या दाराशी बसवायची. रामकिशनला तेव्हा तिचा राग यायचा. राग पुढं गेला, मग काहीच उरलं नाही, नोकरी लागल्यावर एक लुगडं नेऊन दिलं आणि फिटलं असं वाटलं. आता या खड्ड्याच्या कडेला त्याला उमगलं की आपण उभे आहोत ते कुणाच्या तरी अशाच रोजच्या वागण्यावर. छातीत काहीतरी भरून आलं, ते दुःख नव्हतं. बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याचा भार होता. आपल्याला इतकं मिळालेलं आहे आणि आपण कुठंही सही करून ते घेतलेलं नाही, असा काहीसा.

गोदामातलं पाण्याचं पिंप ढकलत आणलं. मीठ आणवलं. व्हरांड्यातली दोन-तीन माणसं न सांगता उठून आली. काळ्या मातीला पाणी कसं पाजायचं हे त्यांना शिकवायची गरज नव्हती, भसकन ओतू नका, मुरू द्या, असं त्यांनीच त्याला सांगितलं. माती आधी पाणी गिळत राहिली, मग फुगली, भेगा हळूहळू मिटल्या. मनकर्णा आत मीटरपाशी बसून आकडे सांगत होती. पन्नास. एकतीस. चार वाजायच्या सुमाराला आठ, आणि मग तीन. रामकिशन आत गेला, त्यानं तळहात सपाट करून टर्मिनलच्या पत्र्यावर ठेवला. पत्रा नुसताच गरम होता. मनकर्णानं नाव टाकलं, पासवर्ड टाकला, मशीननं तिला पहिल्याच वेळी आत घेतलं. तिनं राणीसावरगावची यादी छापायला दिली. गोदामातून पीसीवरून ताडकळसची आली, तीही त्याच प्रिंटरनं तिच्या पाठोपाठ रांगेत घेतली. कागदाची घडी उलगडत खाली पडत राहिली, आणि मनकर्णा हसली वगैरे नाही. ती शेवटच्या नावापर्यंत एकेक ओळ बोट ठेवून वाचत राहिली. मग तिनं बाहेर जाऊन पहिलं नाव पुकारलं.

दिनकररावांनी सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ ते पेपरवेट फिरवत होते. मुलीला दिलेला कागद मागं घेतो, आत्ताच घेतो, असं ते म्हणाले आणि खरंच त्यांनी तिथल्या तिथं त्यावर रेघ मारून सही केली. मग म्हणाले की रिपोर्टात 'अर्थिंगमध्ये तांत्रिक बिघाड, दुरुस्त केला' एवढं पुरे. बाकीचं कशाला वाढवायचं. त्यात त्यांचंही भलं होतं आणि रामकिशनचंही. कंपनीत कळलं की उभारणीच्या वेळी सूचना लिहून दिली नव्हती, तर दोन्ही इंजिनियरांचे फेरे, वाया गेलेले आठवडे, सगळं त्याच्या माथ्यावर आलं असतं. रामकिशननं पेन उघडलं. हात क्षणभर थांबला. तो सकाळी पत्र्याजवळ थांबला होता तसा नव्हे, कारण आता काय लिहायचं ते त्याला ठाऊक होतं. फक्त भीती होती. त्यानं लिहिलं. खड्डा कशानं कोरडा पडला ते लिहिलं, पाणी घालण्याची सूचना आपण फक्त तोंडी दिली होती ही चूक आपली असं लिहिलं, आणि ती सूचना कुणी पाळली ते नावानिशी लिहिलं. कागद दिनकररावांपुढं सरकवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"माझ्याच सहीनं काढलं तिला," ते म्हणाले. "मी विचारायला पायजे होतं. येती का बघा ती परत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णानं घर दाखवलं. रेल्वेच्या रुळांपलीकडच्या वस्तीत पत्र्याच्या दोन खोल्या, दाराशी तुळशीऐवजी मिरचीची दोन रोपं, आत भिंतीवर कोट घातलेल्या बाबासाहेबांची तसबीर. वस्तीच्या तोंडाशी नाल्याच्या भिंतीवर नामांतराची जुनी घोषणा होती, निळा रंग उडालेला, अक्षरं वाचता येण्याजोगी. धुरपताबाई साठीच्या आसपासची, काटक. तिनं मनकर्णाला ओळखलं, त्याला नाही. घोंगडी अंथरली, चहा ठेवला. गाव कोणतं विचारलं. राणीसावरगाव म्हटल्यावर तिचा हात चहाच्या भांड्यावर थांबला. "मंग जवळचाच हायेस," ती म्हणाली. "आमी अठ्ठ्याहत्तरला सोडलं गाव." तिनं चहा ओतून पुढं केला. अठ्ठ्याहत्तरला रामकिशन चौदा वर्षांचा होता. त्या वर्षीच्या दंगलीत त्याच्या बाजूच्या गावांतून काय काय जळालं ते त्याला माहीत होतं, शाळेत जाताना वास आला होता, आणि आपल्या घरात त्याबद्दल कुणी कुणाला काही विचारलं नव्हतं. त्यानंही विचारलं नव्हतं. तो चहा घेत राहिला.

मग त्यानं सांगितलं. तो इंजिनियर मीच, म्हणाला. मी सांगितलं आणि विसरलो, कुठं लिहिलं नाही, म्हणून तुमच्यावर हे आलं, मावशी. मी माफी मागायला आलोय. त्यानं हे वाक्य वाटेत बरंच घोळवलं होतं, आणि बोलल्यावर ते फारच लहान वाटलं.

धुरपताबाई त्याच्याकडं निरखून बघत होती. "तू लय बारीक होतास तवा," ती म्हणाली. पदरानं हात पुसत पुढं म्हणाली, "माफी कशाची रे बाबा. मला काम सांगणारे लय भेटले. झाड म्हणायचं, पूस म्हणायचं, उचल म्हणायचं. का, ते कुणी न्हाई सांगत. तू म्हणलास, मावशी, इथं पाणी न्हाई पडलं तर आत बसणाऱ्या पोरींच्या हाताला झटका बसंल. कारण सांगितलंस. माझ्या जल्मात मला कामाचं कारण सांगणारा तू पयला. मंग मी कसं सोडू?"

मनकर्णानं तोंड फिरवलं. तिचे दोन्ही हात तिच्या मांडीवर उताणे पडले होते. रामकिशनला वाटलं, आपण इथं देणं घेऊन आलो होतो आणि ही बाई उलट आपल्यालाच काहीतरी देते आहे. आणि ते नाकारण्याचा अधिकार आपल्याला नाही. गाडी गाठायच्या घाईत, मनात मायचा हात असताना, आपण नकळत एका माणसाशी माणसासारखं बोललो होतो. त्यात मोठेपणा काहीच नव्हता. कदाचित मायची जखम डोक्यात होती म्हणूनच हाताचं नाव तोंडात आलं असेल. पण ते झालं होतं, आणि ते झालं याबद्दल कुणाचे आभार मानायचे हे त्याला कळत नव्हतं.

दिनकररावांचा निरोप त्यानं सांगितला. ती लगेच हो म्हणाली नाही. सध्या एका वसतिगृहात भांडी घासते, तिथल्या पोरी चांगल्या आहेत, विचार करते म्हणाली. आणि आले तरी काय, पुन्हा कुणीतरी नळ बंद करायला सांगंल. रामकिशन म्हणाला की आता तसं होणार नाही, आता लिहून ठेवलंय.

"कुठं लिवलंय? वाच."

त्यानं बॅगेतून रिपोर्टाची कार्बनची प्रत काढली आणि वाचायला लागला. वाचताना ती भाषा त्यालाच कोरडी वाटली, तो थोडा हळू वाचू लागला. "सदर खड्ड्यात एप्रिल एकोणनव्वदपासून फेब्रुवारी त्र्याण्णवपर्यंत श्रीमती धुरपताबाई नियमितपणे दररोज दोन बादल्या पाणी घालीत होत्या. त्या काळात यंत्रणेत एकही बिघाड आढळला नाही."

धुरपताबाई पुढं झुकली. "पुन्यांदा वाच," म्हणाली. त्यानं पुन्हा वाचलं. तिचे डोळे त्याच्या तोंडाकडं नव्हते, कागदाकडं होते, आणि तिचं नाव आलं तेव्हा तिनं बोटानं विचारलं, हे का. त्यानं होय म्हटलं. मग ती मागं टेकून बसली. बाहेरून मालगाडी गेली, घराचे पत्रे वाजले.

"दोन न्हाई," ती म्हणाली. "दोन पावसाळ्यात. उन्हाळ्यात चार टाकीत व्हते. दोन सकाळी, दोन उन्हं कलल्यावर. ते चुकलंय."

रामकिशननं पेन काढलं. 'दोन' वर रेघ मारली, वर लहान अक्षरात तिनं सांगितलं तसं सगळं लिहिलं, आणि शेजारी सही केली. मूळ प्रत कचेरीत आहे, तिथंही जाऊन सुधारतो असं तो म्हणाला.

"सुधार," धुरपताबाई म्हणाली. "मंग येते मी."